डब्बा लावला का?

रेडिओचा खटका दाबण्याआधी काका हेडफोनचा डावा कान उचलत आणि खिडकीतून आमच्या घराकडे एकदा बघत. मग कान परत झाकून घेत. मी रविवारी सकाळी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेली असले तरी बघत. मी म्हणे, "काका, मी इथंच आहे. घरी कोणाला बघता?" तर म्हणत, "सवय हाय बेटा, जात नायी." कोणाला मिशीवरून हात फिरवायची सवय असते, कोणाला बोलताना समोरच्याच्या शर्टाची गुंडी धरायची. ही तशीच एक, असं समजून मी सोडून दिलं. तुम्हीही शेजाऱ्यांच्या अशा लकबी पाहून सोडून दिल्या असतील. मी तर प्रयोगशाळेतली बाई, बारकाईनं बघायचाच पगार घेते. तरी सोडून दिलं.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. अमरावतीला गाडगेनगरात आमच्या समोरचं घर त्यांचं, मध्ये एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी गल्ली. रेल्वेच्या दूरसंचार खात्यात बडनेऱ्याला नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ हौशी रेडिओवाले झाले. सरकारचा परवाना असतो, परीक्षा द्यावी लागते, आणि मग घरच्या गच्चीवर तार ताणून माणूस जगभरच्या अनोळखी लोकांशी बोलतो. काका तोंडानं कमी बोलत. मोर्सच्या पितळी खटक्यानं टकटक करून बोलत. लोक विचारत, मोबाइल असताना हे कायले? काका म्हणत, "मोबाइलवर ओळखीच्याले फोन करते मानूस. हे अनोळखीसाठी हाय."

एका बाबतीत ते आमच्या क्लबात बदनाम होते. हौशी लोकांत समोरच्याला त्याचा आवाज कसा येतो ते सांगायची रीत आहे, आणि सगळेजण सगळ्यांना 'एकदम उत्तम' सांगून मोकळे होतात. लग्नात जेवण कसं झालं विचारल्यावर आपण सांगतो तसंच. काका तसं करत नसत. आवाज बारीक असेल तर बारीक सांगत, फाटका असेल तर फाटका. कोणी कुरकुर केली की म्हणत, "खोटं कायले सांगू? समुद्रापलीकडचा मानूस इच्चारून रायला, त्याले खरं नायी सांगायचं तं कोनाले सांगायचं?" हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरू शकलेली नाही.

मी स्वतः बोलणारी नव्हते, नुसती ऐकणारी. कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले तेव्हापासून वेड लागलं, आणि दोन वर्षं खपून मी माझा रिसीव्हर स्वतः बांधला. आई अंथरुणाला खिळलेली होती. सकाळी तिचं सगळं आवरून कॉलेज, तिथून धावत घर. संध्याकाळी सातला तिला औषध दिलं की नऊपर्यंत तिचा डोळा लागे. ते दोन तास माझे. लिहायच्या खोलीतला दिवा लावायचा, रिसीव्हरला तार जोडायची आणि जगात कोण काय बोलतंय ते ऐकायचं. माझ्या वयाच्या बाया बदली घेत होत्या, फिरायला जात होत्या, सेमाडोहला वाघ पाहून येत होत्या. मी सातला खुर्चीत बसे. तक्रार नव्हती, पण ते दोन तास गेले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

एकदा मी ऐकत असताना रिसीव्हर टक् झाला आणि मुका पडला. दोन मिनिटांत काका दारात हजर.

"माह्याकडून झालं बेटा. मी खटका दाबला आन् तुह्या रेडिओचा कान फुटला."

त्याचं असं असतं. ज्या रिसीव्हरला हजारो मैलांवरची कुजबुज ऐकायची, त्याचे कान फार नाजूक ठेवावे लागतात. गल्लीच्या पलीकडून कोणी त्यात पूर्ण ताकदीनं ओरडलं तर ते फुटणारच. काकांनी नागपूरहून सुटा भाग मागवला, स्वतः बसवला. महिन्याभरानं पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मी त्यांच्यासमोर रडले. रिसीव्हरसाठी की आईसाठी की माझ्यासाठी, कोण जाणे. काकू पाणी घेऊन आल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी मला एक पत्र्याचा छोटा डबा आणून दिला. गच्चीवरची तार या डब्यात यायची आणि डब्यातून रिसीव्हरला जायची. आत दोन डायोड आणि एक टिचभर बल्ब; मोठी लाट आली की तिला तिथल्या तिथं जमिनीत वळवायची, रिसीव्हरपर्यंत पोचू द्यायची नाही. मी तो लावला. कान वाचला, पण संध्याकाळी निराळंच संकट. कुठल्याशा परदेशी केंद्रावरची एक बाई मला रेडिओभर ऐकू येऊ लागली. काटा कुठंही न्या, बाई गातेच आहे. डायोड असे मधे बसले की जोरदार केंद्रांची खिचडी करतात, हे आता मला कळतं. तेव्हा मी काकांना एवढंच म्हटलं, "काका, तुमच्या डब्यात एक बाई शिरली आहे."

ते हसले. डबा घेऊन गेले. दोन दिवसांनी परत दिला तो चारही बाजूंनी काळ्या लाखेनं बंद.

"आता उघडायचा नायी. उघडला का गेला. आन् घराबाहेर न्यायचा नायी."

मी लावला. बाई गेली. आणि काकांचा धक्काही गेला. एवढासाही आवाज नाही. मी दुसऱ्याच दिवशी कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळून घेऊन गेले. रविवार होता, क्लबातले पाच-सहा जण त्यांच्याकडे बसलेले होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं की असा डबा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, आमचे प्राध्यापक बघतील तर तोंडात बोट घालतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी एक सांबारवडी उचलली आणि ती कितीतरी वेळ हातातच धरून ठेवली. मला वाटलं, लाजले.

त्या दिवसापासून "डब्बा लावला का?" सुरू झालं. मी कॉलेजला निघाले, भाजी घेऊन आले, कचऱ्याची गाडी आली म्हणून बाहेर आले, की समोरच्या ओट्यावरून प्रश्न यायचाच. दुसऱ्या लोकांत 'जेवलात का' विचारतात तसं. मी म्हणे, "लावला, काका." क्लबातल्या लोकांनी तसला डबा मागितला तर काका म्हणत, "एकच बनते तसा. पुन्हा नायी बनत." कारागिराचा नखरा म्हणून आम्ही त्यावर किती हसलो आहोत!

असं अकरा वर्षं चाललं.

या अकरा वर्षांत एक गोष्ट मला रोज ऐकू येत होती. सुमात्राकडचे एक निवृत्त दंतवैद्य संध्याकाळी सात-सव्वासातला काकांना हाक मारत. काकांची त्यांच्याशी फार जुनी दोस्ती, माझ्या रिसीव्हरच्याही आधीची. मोर्समध्येही माणसाचा हात ओळखू येतो. हे डॉक्टर नावाची शेवटची रेघ जरा लांबवत, आपण गल्लीच्या टोकावरून कोणाला हाक मारताना लांबवतो तशी. काकांचं सांकेतिक नाव तीनदा, मग शांतता, मग पुन्हा तीनदा. मी दुसऱ्या दिवशी हसत सांगे, "काका, तुमचे डॉक्टर बोलावत होते हो काल."

"बोलावू दे. मी त्या टायमाले वरच्या ब्यांडवर रायतो." म्हणजे दुसऱ्याच लहरींवर, जिथून माझ्या रिसीव्हरला त्रास नाही.

"मग त्यांना भेटता कधी?"

"भेटीन सकाळी."

सकाळी उन्हात या लहरी एवढा लांबचा पल्ला गाठत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण काकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं धरून मी चालत होते. ज्या माणसावर भरवसा असतो त्याची बेरीज आपण तपासत नाही. पुढं डॉक्टरांच्या हाका विरळ होत गेल्या. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, त्या थांबल्याच. मी काकांना तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ओट्यावरची वाळत घातलेली तूर उगीच हातानं पसरत बसले.

गेल्या डिसेंबरात अकोल्याला एका शाळेच्या मैदानावर हौशी लोकांचं दिवसभराचं शिबिर होतं. काका आले नाहीत, गुडघा दुखत होता. निघताना ओट्यावरून प्रश्न आला, "डब्बा लावला का?" मी म्हटलं, "लावला." डबा माझ्या पर्समध्ये होता. अकोल्याच्या लोकांना एकदा दाखवावा, आपल्या माणसाचं नाव व्हावं, एवढाच हेतू. खोटं मीही बोलले, ते लपवत नाही.

मैदानावर एकच मंडप होता. मोठा ट्रान्समीटर आणि ऐकण्याचं टेबल एकमेकांना लागून ठेवणं भाग होतं. ऐकण्यासाठी रहीमभाईंनी त्यांचा रिसीव्हर आणला होता. रहीमभाई म्हणजे अकोल्याचे जुने रेडिओ दुरुस्त करणारे. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे देऊन त्यांनी एकेक कॉइल हातानं वळली होती. तो रिसीव्हर ते दुकानातून हलवतसुद्धा नसत. शेजारचा ट्रान्समीटर पाहून ते बिचकले.

"ताई, जानच हाय हे माही. जळून गेला तं पुन्हा नायी होत माह्या हातानं. डोळे गेले आता."

मी पर्समधून डबा काढला. "रहीमभाई, अकरा वर्षं मी याच्या भरवशावर आहे. माझ्या शब्दावर लावा."

त्यांनी लावला. मंडपातले सगळे बघायला जमले. ट्रान्समीटरवाल्यानं खटका दाबला. टक्. मग करपल्याचा वास. रहीमभाईंनी मुठीनं रिसीव्हर थोपटला, दोनदा. तो बोलेना.

रहीमभाईंनी डबा हातात घेऊन फिरवून बघितला आणि पेचकसानं लाख खरवडायला सुरुवात केली. मी "उघडला की जातो" म्हणणार होते. तो तर गेलेलाच होता. झाकण निघालं. आत एक तार होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. बाकी काही नाही.

"ताई," रहीमभाई हळू म्हणाले, "याच्यात तं काईच नायी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, माझ्याबद्दल काळजी होती. त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं.

एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी नुसती बसून होते. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. डबा रिकामा, तरी अकरा वर्षांत माझा रिसीव्हर जळला नाही. म्हणजे माझा दिवा लागलेला असताना समोर खटका दाबलाच गेला नव्हता. वरच्या ब्यांडवरसुद्धा नाही. हेडफोनचा डावा कान उचलून काका आमची खिडकी बघत, ती दिव्यासाठी. आणि त्या खुर्चीत बसून, कानाला हेडफोन लावून, ते रोज आपल्या दोस्ताची हाक ऐकत होते, जशी मी ऐकत होते.

मी स्टँडवरून तडक त्यांच्याकडे गेले आणि उघडा डबा टेबलावर ठेवला.

काकांनी हेडफोन काढला. डब्याकडे बघितलं. "कोनं उघडला?"

"रहीमभाईंनी. त्यांचा रिसीव्हर जळाल्यावर."

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "डायोड काढून टाकले होते म्या. त्याच्यानंच ते बाई गात होती. मनलं, रिलेवाला डब्बा बनवू, इजेवर आपोआप उघडझाक होनाऱ्या बटनाचा. माह्या खटक्यापासून तुह्या घरापर्यंत तार टाकायची, खटका दाबायच्या आंधी तुह्या रेडिओची तार तुटली पायजे. रिले मागवला होता. मनलं, तवरलोक दोन दिवस गप बसू, रिकामा डब्बा देऊन ठेवू."

"दोन दिवस?"

"तू सांबारवड्या घेऊन आली. सगळ्याइच्या समोर बोलली. टाळ्या वाजल्या. मंग कसं सांगू का त्याच्यात काईच नायी?"

तुम्हाला वाटेल, किती मोठं मन. मलाही नंतर पुष्कळांनी हेच ऐकवलं. पण त्या क्षणी मला जे झालं ते सांगते: मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. जो माणूस समुद्रापलीकडच्या अनोळख्याला खोटं सांगत नव्हता, तो गल्लीच्या पलीकडं मला अकरा वर्षं रोज खोटं विचारत होता. डब्बा लावला का! मी काय लावत होते? एक तार.

"मला सांगायचं होतं, काका. मी वार वाटून घेतले असते. सोमवार, बुधवार, शुक्रवार तुमचे, बाकीचे माझे. एवढं सोपं होतं. तुम्ही मला न विचारता सगळे वार देऊन टाकले आणि मला चोर केलं. डॉक्टर हाका मारून मारून थकले, आणि ते तुम्हाला येऊन सांगत होते मी. हसत हसत!"

काकू दारात उभ्या होत्या. "मी याइले केव्हाची म्हनत होती, सांगून द्या पोरीले."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी चप्पल घातली आणि निघाले.

दुसऱ्या दिवसापासून मी सातला दिवा घालवू लागले. तार काढून ठेवून अंधारात बसे. घ्या तुमची संध्याकाळ. समोर काका कान उचलून माझी अंधारी खिडकी बघत, बराच वेळ, आणि मग खटका चालू होई. गल्ली अरुंद, खटका जड. मला अक्षरं कळत. ते डॉक्टरांना हाक मारत होते. तीनदा, मग शांतता, मग पुन्हा तीनदा. मला दोन वर्षांपासून माहीत होतं की तिकडं आता कोणी नाही. त्यांनाही माहीत होतं. तरी महिनाभर ते हाक मारत राहिले, आणि मी महिनाभर ऐकत राहिले. बोलले मात्र नाही.

गुडघा तसाच असताना ते अकोल्याला गेले, तीन दिवस रहीमभाईंच्या दुकानात बसले, आणि दोघा म्हाताऱ्यांनी मिळून तो रिसीव्हर बोलता केला. रहीमभाईंनी मला फोन करून सांगितलं, "माफ करा त्याइले, ताई. भल्ला शरमिंदा मानूस हाय." त्यांनी माफ केलं होतं. त्यांची जान जळली होती, तरी केलं. मला जमलं नाही.

माघात एक दिवस कॉलेजातून आले तर गल्लीवरून एक नवी तार गेलेली. समोरच्या खिडकीतून निघून माझ्या खिडकीपाशी लोंबत होती. खाली दारात नवा डबा. लाख नव्हती, चार स्क्रू होते, आणि झाकणावर चिठ्ठी: "उघडून पाय. मंग लाव." मी उघडला नाही, लावलाही नाही. ओट्यावरून आता प्रश्न येत नव्हता. मी जाताना ते वर बघत, मी खाली बघून जाई. तार तीन महिने तशीच लोंबत राहिली.

वैशाखात काका गेले. दुपारी, कूलरसमोर, खुर्चीतच.

मी गेले, बसले, सगळं केलं. रडू येत होतं आणि त्यातही राग होताच. भांडायलाही माणूस ठेवला नाही त्यांनी.

पंधरवड्यानं काकू मुलीकडं नागपूरला निघाल्या. काकांचं यंत्र क्लबवाल्यांनी नेलं होतं. टेबलावर गल्लीवरच्या तारेला जोडलेला खटका आणि एक छोटी बॅटरी तेवढी राहिली होती. सामान रिक्षात चढल्यावर काकू पुन्हा घरात गेल्या, आणि मला त्या काकांच्या खुर्चीत बसलेल्या दिसल्या.

खिडकीतून त्यांनी आवाज दिला, "डब्बा लावला का वं?"

मी घरातून डबा काढला आणि खिडकीपाशी उभं राहून चार स्क्रू काढले. आत रिले होता, प्रत्येक टाका चकचकीत, आणि रिलेच्या एका कोपऱ्यात पेननं लिहिलेली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. रिले तेव्हाच आलेला होता. मी लोंबती तार ओढून डब्याला जोडली.

"लावला, काकू."

त्यांनी खटका दाबला. एकदाच. माझ्या हातातला डबा टक् वाजला.

काकूंनी कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ दिली आणि रिक्षात बसल्या. रिक्षा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी डबा हातात घेऊन दारात उभी होते.

आता मी सातला दिवा लावते. डबा जोडलेला असतो. त्यानंतर तो एकदाही वाजलेला नाही.